शिकवणं आणि उपदेश करणं यात नेमका फरक काय?

दोन्हींत एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, मग फरक कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रमही करतो, त्यामुळे दोन्हींशी रोजचा संबंध येतो.

'बुवाबाजीच्या नादी लागू नका' असं मी वर्गात सांगितलं तर तो उपदेश. वाक्य खरं आहे, पण मुलांच्या हाती काही लागत नाही. त्यांनी ऐकलं तरी ते माझ्या शब्दाखातर. उद्या माझ्याहून वजनदार माणूस उलटं सांगेल, त्याचंही ऐकतील.

त्याऐवजी मी लिंबू कापून 'रक्त' काढून दाखवतो. सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवलेल्या असतात. लिंबाचं आम्ल लागलं की रंग लाल होतो. मग सुरी मुलांच्याच हातात देतो. करणी काढणारा मांत्रिक आपली सुरी कधी कुणाच्या हातात देत नाही! माझ्या लेखी खरा फरक हाच: शिकवणारा स्वतःला पडताळून पाहू देतो.

हळदीच्या पाण्यात चुना टाकला की ते लाल होतं, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हे पाहून एका मुलीने विचारलं, "सर, वरण सांडलेला शर्ट साबण लावल्यावर लाल होतो, तो यामुळेच का?" शर्टाबद्दल मी अवाक्षरही काढलं नव्हतं. असा प्रश्न आला की समजतो, शिकवणं पोचलं.

पण उपदेशाला मी कमी लेखत नाही. गाडगेबाबांचं कीर्तन उपदेशच होता: कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत घाला. मात्र ते लोकांना प्रश्न विचारत, उत्तरं त्यांच्याच तोंडून काढून घेत, आणि कीर्तनाआधी खराटा घेऊन गाव झाडत. तिथे उपदेश कुठे संपतो आणि शिकवणं कुठे सुरू होतं, मला सांगता येणार नाही.

शिवाय सगळंच परीक्षानळीत दाखवता येत नाही. 'जात पाळू नका' हे मला सांगावंच लागतं, आणि मी ठामपणे सांगतो. त्यावर एखादं मूल म्हणतं, "पण आमच्या घरी तर पाळतात." मग त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवून आम्ही त्यावरच बोलत बसतो.