गोळ्या सुरू केल्या तर माझ्यातला दिग्दर्शक मरेल का?

चित्रकार, नाटकवाले, गाणारे आणि हल्ली वेब सिरीजवाले यांच्या घरची माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. कधी आई विचारते, कधी तो किंवा ती स्वतः. यावेळी बायकोने विचारला, तोही नवऱ्यासमोरच: "मॅडम, औषध दिलं तर ह्याची कला जाईल आणि नाही दिलं तर हाच जाईल. मी काय करू?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला दोघांचीही परवानगी आहे.)

तो तिशीतला. एका मालिकेत असोसिएट डायरेक्टर, आणि स्वतःच्या फिल्मचा रफ कट (पहिली कच्ची जुळणी) कित्येक महिने हार्ड डिस्कमध्ये पडून. रात्री तीन-चारपर्यंत जागा, सकाळी सेटवर उशीर, संध्याकाळी पॅकअप झाला की बाटली. वजन उतरलं होतं. मित्रांचे फोन घेणं बंद होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून औषधं लिहून दिली होती, पण ती चिठ्ठी तशीच पाकिटात घडी घालून ठेवलेली. त्याने ती काढून मला दाखवली आणि म्हणाला, "गुरुदत्तने असल्या गोळ्या खाल्ल्या असत्या तर 'प्यासा' झाला असता का?"

हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. नाव कधी गुरुदत्तचं, कधी आणखी कुणाचं. त्याच्यावर पटकन तोडगा देऊ नये. आधी मी वेगळाच प्रश्न विचारला: "आयुष्य संपवावं असं मनात येतं का?" बायको दचकली. असं उघड विचारलं तर नसलेला विचारही डोक्यात शिरेल, अशी भीती बहुतेकांना असते. तसं होत नाही, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. तो म्हणाला, येतं, पण ठरवलेलं काही नाही. त्या दिवशी गुरुदत्त बाजूला ठेवला आणि फक्त एवढंच ठरवलं: विचार जोर धरू लागले तर आधी कुणाला फोन करायचा, तो लागला नाही तर कुणाला, घरातली औषधं आणि दारू कुणाच्या ताब्यात राहील. त्याच्या ताईला तिथूनच फोन लावला. मानसोपचारतज्ज्ञांनाही कळवलं.

पुढच्या भेटीला मात्र गुरुदत्त घेऊन बसलो. तो सिनेमाचा माणूस, त्याच्याशी सिनेमातूनच बोलायला हवं होतं. त्याच्या पिशवीत जुन्या कॉल शीट होत्या, म्हणजे शूटिंगला कुणी किती वाजता यायचं ते लिहिलेले कागद. एकीच्या कोऱ्या बाजूला त्यालाच सनावळी मांडायला लावली.

त्याने झरझर लिहिलं. १९२५, बंगळूर. बालपण कलकत्त्यात. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात नाचाचं शिक्षण. १९४४ ला पुण्यात प्रभातमध्ये नोकरी, तिथेच देव आनंदशी दोस्ती. (आपण तेव्हा पुण्यातच बसलो होतो, तिथून प्रभातचं आवार फार लांब नाही, त्यामुळे त्याचा आवाज जरा चढलाच.) १९५१ 'बाजी'. १९५३ ला गीता रॉयशी लग्न. १९५४ 'आर पार', १९५५ 'मिस्टर अँड मिसेस ५५', १९५७ 'प्यासा', १९५९ 'कागज़ के फूल'. मग पेन थांबलं.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे 'चौदहवीं का चाँद', 'साहिब बीबी और ग़ुलाम'."

"दिग्दर्शक म्हणून नाव कुणाचं?"

पहिल्यावर एम. सादिक, दुसऱ्यावर अबरार अल्वी. 'कागज़ के फूल' पडल्यावर गुरुदत्तनी दिग्दर्शक म्हणून एकाही चित्रपटाला नाव दिलं नाही. ते निर्माते होते, इतरांच्या चित्रपटांतही कामं करत होते, पण दिग्दर्शकाच्या रकान्यात १९५९ नंतर काही नाही. तेव्हा ते चौतिशीचेही नव्हते. 'गौरी' आणि 'राज़' सुरू करून सोडून दिले होते. १० ऑक्टोबर १९६४ ला, एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. तो अपघात होता की नाही, हे आजवर ठरलेलं नाही आणि ते ठरवणं माझं काम नाही.

कॉल शीटचा खालचा अर्धा भाग कोराच राहिला होता. दुःखामुळे काय मिळालं हे सगळे मोजतात, या न झालेल्या चित्रपटांचा हिशोब कुणी करत नाही, एवढंच मी बोलले. त्याने लगेच खोडून काढलं: "'प्यासा'च्या वेळीही तो बरा नव्हता." बरोबर आहे. त्या काळातही त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केल्याचं जवळच्यांनी सांगितलेलं आहे. पण मग तो चित्रपट झाला कसा? अल्वी लिहायला होते, मूर्ती कॅमेऱ्यावर, सचिनदेव बर्मन आणि साहिर गाण्यांना, जॉनी वॉकर सोबतीला. रोज सेटवर वाट बघणारी माणसं होती. आजारी माणूस उठून कामाला जाऊ शकला, ते या सगळ्यांमुळे.

मग 'कागज़ के फूल'मधलं 'वक़्त ने किया' हे गाणं निघालं. छतातून तिरका येणारा तो प्रकाशाचा झोत सगळ्यांना पाठ आहे. त्यानेच मला समजावलं की व्ही. के. मूर्तींनी तो दिव्यांनी केला नव्हता. मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओत आत घेतलं होतं. म्हणजे उन्हाची वेळ साधायची, सूर्य सरकला की आरसा सरकवायचा, धूळ-धूर जमेपर्यंत थांबायचं. "हे सगळं रात्रभर पिऊन, दुपारी उठून जमेल?" मी विचारलं. तो हसला. "उनाला कॉल टाइम देता येत नाही, मॅडम."

माझं म्हणणं एवढंच होतं. संवेदनशीलता आणि आजार एकाच माणसात राहतात, म्हणून ते एकच नसतात. औषध झोपेवर, भुकेवर, सकाळी अंथरुणातून न उठवणाऱ्या जडपणावर काम करतं. फ्रेम कुठे लावायची हे ठरवणारी नजर त्याने पुसली जात नाही. एक गोष्ट मात्र लपवायची नाही. काहींना या औषधांनी थोडं बोथट वाटतं, रडू येत नाही तसं हसूही उसनं वाटतं. असं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, डोस किंवा औषध बदलता येतं. आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे "चार दिवसांत काहीच नाही" म्हणून चिठ्ठी परत पाकिटात घालायची नाही. आणि दारू बंद, कारण ती झोप आणि नैराश्य दोन्ही बिघडवते, औषधांबरोबर तर धोकादायकच.

गुरुदत्तांच्या बहीण, चित्रकार ललिता लाजमी यांनी सांगितलेली एक आठवण आहे. घरच्यांनी एकदा एका मानसोपचारतज्ज्ञाला बोलावलं होतं, पण परत काही बोलावलं नाही. मला त्यात दोष दिसत नाही. तो काळच तसा होता. नैराश्यावरचं इमिप्रामीन हे औषध उपयोगी पडतं, हे रोलंड कून यांनी छापून मांडलं तेच १९५७ मध्ये, म्हणजे 'प्यासा'च्या वर्षी. आज तसं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो.

बायकोचा खरा प्रश्न तिने एकटी असताना विचारला. "उद्या काही झालं तर लोक मलाच धरतील ना?" धरतात. गुरुदत्तांच्या बाबतीत साठ वर्षं झाली तरी लोक या ना त्या बाईचं नाव घेतात. त्यांच्या पत्नी गीता दत्त स्वतः १९७२ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेल्या, त्यांच्या दुखण्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. मी तिला सांगितलं, तू नर्स नाहीस आणि पहारेकरीही नाहीस. औषधाची वेळ तो आणि डॉक्टर बघतील, रात्रीचा फोन ताई घेईल, आणि तू तुझी नोकरी सोडायची नाहीस. सोडायचा विचार ती गंभीरपणे करत होती.

त्याने गोळ्या सुरू केल्या. मध्यंतरी बोथट वाटतंय म्हणाला, डॉक्टरांनी औषध बदललं. झोप आधी सुधारली, मूड नंतर. दारू एकदा परत सुरू झाली होती, ती ताईच्या लक्षात आली. रफ कट आता एडिटिंग टेबलवर आहे. अकरा मिनिटं जास्त आहे आणि नेमकी कोणती अकरा कापायची यावरून एडिटरशी रोज वाद चालतो. परवा तो पूर्ण तास माझ्याकडे एडिटरचीच तक्रार करत होता.