शाळा ‘टीसी घ्या’ म्हणते तेव्हा

प्रश्न : आम्ही इंदूरला राहतो. माझ्या पाचवीतल्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता) असल्याचे प्रमाणपत्र आहे. त्याची सीबीएसई शाळा म्हणते, स्वखर्चाने शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्याजवळ राहून मदत करणारा शिक्षक) ठेवा, नाहीतर टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घ्या. अमेरिकेतला माझा मावसभाऊ सांगतो की तिकडे असे वाद मध्यस्थीने मिटतात. येथे ते शक्य आहे का?

उत्तर : आपल्या भावाने सांगितले ते खरे आहे. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यातच मध्यस्थीची सोय असून तिचा खर्च राज्य उचलते. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अशी खास सोय नाही; मात्र जिल्हा न्यायालयातील विधिक सेवा प्राधिकरणाकडे दावा न लावताही तडजोडीसाठी अर्ज करता येतो, आणि मुलाच्या बाजूने वकील, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य मिळतो.

त्यापूर्वी एक पथ्य पाळावे : टीसीच्या अर्जावर सही करू नये. पालकांनीच ‘स्वेच्छेने’ काढून घेतलेल्या मुलाबद्दल मध्यस्थाने बोलायचे तरी काय? शाळा तोंडीच सांगत असेल, तर तिचे म्हणणे त्याच दिवशी ईमेलने तिलाच लिहून कळवावे.

बैठकीत आपली भूमिका याचकाची नाही. अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळांनीही मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी देणे आणि अध्ययन अक्षमता वेळीच ओळखून शिकवण्यात योग्य बदल करणे अपेक्षित आहे. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. (शाळा अल्पसंख्याक संस्थेची असल्यास हा दुसरा कायदा लागू होत नाही; तेव्हा भिस्त पहिल्यावर ठेवावी.) तरीही सारा वेळ कलमे वाचण्यात घालवू नये. भरलेल्या वर्गात एकट्या शिक्षिकेने काय काय सांभाळावे, ही प्राचार्यांची अडचण सहसा खोटी नसते. म्हणून फळ्यावरून उतरवण्यात सूट, तोंडी उत्तरे, जादा वेळ अशा बिनखर्चाच्या मागण्या आधी मांडाव्यात; बोर्डाच्या परीक्षेत सीबीएसई स्वतःच तासामागे २० मिनिटे जादा देते, हे शाळेला ठाऊक असते. विशेष शिक्षकाचा विषय त्यानंतर काढावा.

‘शाळा सहकार्य करील’ एवढेच लिहिलेला समझोता निरुपयोगी होय. कोण शिकवणार, आठवड्यातून किती तास, आढावा कोणत्या तारखेला, हे त्यात हवे. तो लोकअदालतीपुढे नोंदवल्यास त्याला दिवाणी हुकूमनाम्याचे, म्हणजे न्यायालयाच्या निकालाचे, बळ येते. मात्र त्यावर अपील नसते, तेव्हा मसुदा घरी नेऊन वाचावा.

मध्यस्थी ऐच्छिक असल्यामुळे शाळा येणारही नाही. दोन तारखा वाया गेल्या, तर भोपाळच्या राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करावी. त्यांना समन्स काढण्याचा अधिकार आहे. तोवर मुलाची हजेरी आणि फी, दोन्हींत खंड पडू देऊ नये.