कोसा बघायचाय? मग माग चालू असतो तेव्हा जा

प्रश्न: ताई, माझी धाकटी बहीण डिसेंबरमध्ये बेंगळुरूहून येतेय. ती टेक्सटाइल आर्टमध्ये काम करते. तिला दोन-तीन दिवसात विदर्भातलं हाताने कातलेलं, विणलेलं, रंगवलेलं कापड जिथे बनतं तिथेच जाऊन बघायचंय, शोरूम नको म्हणते. मला तर इतवारी आणि सीताबर्डीच्या दुकानांपलीकडे काही माहीत नाही. कुठे नेऊ तिला?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर: अगदी मनातला प्रश्न विचारलात बघा. आपल्याकडे पाहुणे आले की फुटाळा, दीक्षाभूमी, झालंच तर रामटेक, आणि निघताना संत्रा बर्फी, पण ज्या कापडावर या शहराचं अर्धं पोट भरत होतं ते दाखवायचं कुणाला सुचतच नाही.

पहिला दिवस नागपुरातच ठेवा. सकाळी लवकर गोळीबार चौक, टांडापेठ, पाचपावली, मोमिनपुरा या भागातून पायी फिरा. भोसल्यांच्या काळापासून इथे विणकरांची वस्ती, नागपुरी काठाची धोतरं-लुगडी इथली. मग १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कापडाचा सगळा हिशोबच बदलत गेला. आज त्या मिलच्या जागेवर मॉल उभा आहे, बहिणीला तोही बाहेरून दाखवा कारण हातमाग आणि मिल ही एकाच शहराची गोष्ट आहे. मागांचा आवाज आता गल्ल्यांमधून फार कमी येतो, जिथे येईल तिथे दारात उभं राहून आधी विचारा, "काका, बघू का थोडा वेळ?" बहुतेक जण हो म्हणतात, चहासुद्धा विचारतात.

दुसरा दिवस भंडारा जिल्ह्याला द्या, माझ्या मते सगळ्या ट्रिपचा जीव इथेच आहे. नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर, तिथून तुमसर रोडने मोहाडी आणि जवळच आंधळगाव. कोसा म्हणजे आपलं टसर, जंगली रेशीम, ते इथे विणतात. याचा किडा तुतीवर नाही वाढत, जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो, भंडारा-गडचिरोलीकडची ढिवर कुटुंबं पिढ्यानपिढ्या त्याची राखण करतात, पाखरं-मुंग्यांपासून. कोश सोड्याच्या पाण्यात उकळतात आणि मग चार-पाच कोशांचे तंतू एकत्र करून धागा काढतात. हे काम बायका उघड्या मांडीवर धागा वळून करायच्या, कातडी सोलून निघायची. ते थांबावं म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने बुनियाद नावाचं मशीन आणलंय. त्या मधाळ रंगाच्या साडीला हात लावताना ही मांडी आठवावी असं मला फार मनापासून वाटतं.

आता करवत काठी साडी. करवतीच्या दातांसारखी नक्षी काठाला असते म्हणून हे नाव, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आपला वाण आहे हा. बहिणीला सांगा, मागावर बसलेल्या माणसाचे हात बघ. दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक असे तीन धोटे (आडवा धागा नेणारी शटल) चालतात, आणि जिथे काठाचा धागा अंगाच्या धाग्याला भेटतो तिथे दोन्ही एकमेकांत अडकवून माघारी फिरवतात, दर ओळीला, म्हणून तर ते दात उठतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दीड तास उठले नव्हते, आणि तेवढ्या वेळात कापड वाढलं जेमतेम वीतभर.

मागाजवळ गेल्यावर दोन गोष्टी पाळा. डिझाइनचे क्लोजअप फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ती विणकराची भाकर आहे. आणि काही न घेता उठू नका, साडी परवडत नसेल तर दुपट्टा घ्या, रुमाल घ्या. भावात घासाघीस तर नकोच, दुकानात लावलेल्या किमतीला आपण मुकाट्याने पैसे देतो ना.

तिसरा दिवस वर्धा. पंचाहत्तर किलोमीटर, रेल्वेने आरामात होतं. मगन संग्रहालय आधी बघा, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, मगनलाल गांधींच्या नावाचं. तऱ्हेतऱ्हेचे चरखे तिथे ठेवलेत. पण ते नुसतं म्युझियम नाही, संस्था सेंद्रिय कापसाची खादी आणि नैसर्गिक रंगाचं काम करते, बहिणीला रंगांमध्ये रस असेल तर इथे जास्त वेळ ठेवा. नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, आणि रंग कापडाला धरून राहावा म्हणून हिरडा नि तुरटी, हे सगळं ऐकून माहीत असतं, पण हिरवट दिसणारं कापड निळीच्या पिंपातून बाहेर काढल्यावर हवेत निळं होत जातं ते एकदा डोळ्याने बघायलाच पाहिजे. मग गोपुरीला ग्राम सेवा मंडळ, विनोबांनी १९३४ मध्ये सुरू केलेलं, आणि संध्याकाळी सेवाग्राम. सगळीकडे आधी फोन करून जा, काम कधी चालू असतं ते विचारा, सुट्टीच्या दिवशी गेलात तर बंद माग बघून परत याल.

डिसेंबर निवडलात ते चांगलं झालं. पावसाळ्यात खड्डा मागाच्या, म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागाच्या, खड्ड्यात ओल येते, खळ लावलेला ताणा (उभे धागे) वाळत नाही, आणि मे महिन्यात नागपुरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको!

प्रश्न: प्रदर्शनातून "प्युअर कोसा करवत काठी" म्हणून साडी घेतली, नणंद म्हणते पॉवरलूमची आहे. कसं ओळखायचं?
— धरमपेठहून एक ताई

उत्तर: ताई, मीही फसलेय, एका प्रदर्शनात स्टॉलवाल्याने छातीठोकपणे शुद्ध कोसा म्हणून सांगितलं आणि घरी दोन धागे जाळले तर प्लास्टिकसारखी गोळी झाली. खूप वाईट वाटलं होतं, पैशांपेक्षा त्या खऱ्या विणकराचं, ज्याचं गिऱ्हाईक असं पळवलं जातं.

पदराच्या आतल्या कडेचे उभे-आडवे दोन्ही धागे काढून जाळा. रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. काठ सुती असू शकतो, तिथला धागा कागदासारखा जळेल, ती फसवणूक नव्हे. मग काठ बघा. तीन धोट्यांच्या साडीत काठाचा रंग भरीव असतो, कारण अंगाचा आडवा धागा काठात शिरतच नाही. एकाच धोट्यावर विणलेली असेल तर अंगाचा रंग काठात मिसळून काठ फिका, दुरंगी दिसतो. साडी उलटी करा, दातांच्या मागे कापलेले सुटे धागे लोंबत असतील तर नणंदबाईंचं बरोबर आहे. पुढच्या वेळी सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क दोन्ही मागा. एक रेशमाचं सांगतो, दुसरा हातमागाचं, एकावर दुसरं धरून चालू नका.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, मला साडी नाही विणायची, भिंतीवर लावायच्या कलाकृती करायच्यात धाग्याच्या. घरी म्हणतात हे काय आर्ट आहे का. नागपुरात शिकता येईल?
— हिंगणा रोडवरून

उत्तर: आहे ना, नक्की आर्ट आहे. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी हेम्पच्या (तागासारख्या तंतूच्या) दोऱ्यांना गाठी मारून माणसापेक्षा मोठी शिल्पं केली. मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी मागाची फणी, जी उभे धागे सरळ ठेवते, ती काढून टाकून उभे धागे वाकडे वाहू दिले, आणि तसं करता आलं कारण सरळ विणणं त्यांना आधी पक्कं येत होतं. घरच्यांना यांची कामं फोनवर दाखव.

नागपुरात केंद्र सरकारचं विणकर सेवा केंद्र आहे, तिथे जाऊन विणकाम आणि रंगाईच्या ट्रेनिंगची चौकशी कर. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात क्राफ्ट मेळा भरतो, कारागीर स्वतः बसलेले असतात, गर्दी नसते त्या दुपारी जा आणि तासभर एकाच माणसाजवळ बस. वरोऱ्याच्या आनंदवनातही विणकाम चालतं, एकदा जाऊन ये. सूत महाग पडतं म्हणून थांबू नकोस, विणकराकडे कापड उतरवल्यावर मागावर सुताची टोकं उरतात, ती किलोवर मिळतात का विचार. जुन्या फोटोच्या फ्रेमला खिळे ठोकून ताणा ओढ आणि सुरुवात कर. पहिलं काम झालं की फोटो नक्की पाठव, मागच्या बाजूचापण.