वार्षिकांकावर इनडिझाइन शिकायचं असेल तर मुखपृष्ठाला शेवटी हात लाव

थोडक्यात उत्तर: क्लास राहू दे, अंक घे. तू लिहिलंयस की एस.वाय.ला आहेस, सांगलीतच कॉलेज आहे, वार्षिकांकाची मांडणी तुम्हा चौघांच्या गळ्यात पडलीय, इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) कुणालाच येत नाही आणि आधी तीन महिन्यांचा डीटीपीचा क्लास करावा का, असा प्रश्न पडलाय. (ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करतेय.) माझं पोट याच धंद्यावर चालतं, क्लासवाल्यांशी माझं काही वैर नाही. पण क्लासात सरावाला दिलेला मजकूर धुतल्या तांदळासारखा असतो. कॉलेजच्या अंकाला येणारा मजकूर तसा कधीच नसतो, आणि शिकण्यासारखं असतं ते त्यातच.

पोरं पहिल्याच दिवशी मुखपृष्ठावर तुटून पडतात. तू आधी अहवाल घे. एनएसएस, जिमखाना, वाङ्मय मंडळ, ग्रंथालय. कुणी वाचत नाही अशी पानं, पण शीर्षक, लिहिणाऱ्याचं नाव, मजकूर, फोटो, फोटोओळ हा साचा सगळीकडे तोच. दोन-तीन अहवाल हातानेच अक्षर लहानमोठं करत लाव. वैतागलास की पॅराग्राफ स्टाइल (फॉन्ट, आकार, अंतर एकदाच ठरवून ठेवायची सोय) उघड, मग ती कशासाठी आहे हे कुणी समजवावं लागणार नाही. अंक पूर्ण लागल्यावर संपादक सर येऊन म्हणणारच, "अक्षर जरा मोठं करा, चष्म्यातून दिसत नाही." स्टाइल लावलेली असेल तर एका आकड्यात अख्खा अंक बदलतो. नसेल तर रात्र गेली. पान क्रमांक आणि विभागाचं नाव मास्टर पेजवर टाक (सगळ्या पानांवर आपोआप येणारा साचा; नव्या आवृत्तीत त्यालाच पॅरेंट पेज म्हणतात). मुखपृष्ठ ही एका पानाची करामत आहे, त्यातून यातलं काहीच हाताला लागत नाही.

आता देवनागरी. यूट्यूबवरचे बहुतेक धडे इंग्रजी मजकुरावरचे, त्यामुळे इथे सगळे अडतात. मजकूर पेस्ट केल्यावर 'विद्यार्थी'मधली पहिली वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसली, जोडाक्षरं सुटली, तर फॉन्टला शिव्या घालू नकोस. पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली कंपोझर (अक्षरं जोडून ओळी बसवणारा भाग) असतो, तिथे 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवड. स्टाइलमध्येच निवडायचा, म्हणजे पानापानावर जाऊन करावं लागत नाही. ओळींमधलं अंतरही 'ऑटो'वर सोडू नकोस. १२ पॉइंटला ऑटो १४.४ धरतं, मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मी १७ च्या आसपास ठेवते. फॉन्ट फुकटातलेच चांगले आहेत: मथळ्यांना मुक्ता, मजकुराला टिरो देवनागरी मराठी. दुसऱ्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत.

काही प्राध्यापक श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर देतील. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणलास की 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचे' यातला ऱ्या बऱ्याचदा 'र्या' होऊन येतो. फाइंड-चेंजमध्ये 'र्या' शोध, पण 'चेंज ऑल' दाबू नकोस, नाहीतर पहिल्याच पानावर 'प्राचाऱ्यांचे मनोगत' छापून येईल. एकेक शब्द बघतच पुढे जायचं. त्यात जाणारी दुपार फुकट जात नाही, कारण त्या निमित्ताने अख्खा अंक एकदा वाचून होतो.

वाचायचं म्हणजे मांडणीवाल्यानेही संपादन करायचं. लेख दोन ओळींनी पुढच्या पानावर गेला तर अक्षर बारीक करू नकोस, संपादकाला दोन ओळी कापायला सांग. आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर मूळचे चित्रकार. लिहिणं आणि सजवणं एकाच टेबलावर. तुम्हा चौघांना कामाची वाटणी करायची असेल तर एकाला मजकूर, एकाला मांडणी अशी नको. विभाग वाटून घ्या, म्हणजे सगळेच सगळं शिकतील. स्टाइल मात्र एकाच्याच फाइलमधून सगळ्यांनी घ्यायच्या.

छपाईचं थोडक्यात, कारण प्रेसवाला सांगेलच. काम सुरू करायच्या आधी त्याला भेट, शेवटी नव्हे. सेंटर पिन (मधोमध घडीवर पिना मारलेली बांधणी) असेल तर पानांचा आकडा चारच्या पटीत हवा. रंगीत पानं विखरून ठेवू नका, एका फॉर्ममध्ये (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात) बसवली तर खर्च वाचतो. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर गेलेला रंग किंवा फोटो. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईतला हवा. वर्डमधून आलेला काळा कधी कधी चार रंगांत फुटतो आणि बारीक अक्षराला सावली पडते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून. साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेल उरतो, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने सव्वापाच इंच. अर्ध्या पानाला कसाबसा पुरतो, ए-फोर पूर्ण पानाला नाही. संमेलनाचे फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाइली पेनड्राइव्हवर घेतलेल्या बऱ्या.

सॉफ्टवेअरचे पैसे जमत नसतील तर स्क्रायबस फुकट आहे. १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घे, जुन्या १.४ मध्ये देवनागरी लागत नाही. स्टाइल आणि मास्टर पेज तिथेही तेच, एकदा कळलं की इनडिझाइनला जाताना फक्त बटणं शोधावी लागतात. कोरलड्रॉ हे चित्रं आखायचं सॉफ्टवेअर येत असेल तर जाहिरातींची पानं त्यात कर, पण शंभर पानांचा अंक कोरलमध्ये लावायला बसू नकोस. कॅनव्हा पत्रिकेला ठीक.

प्रेसला देताना 'पॅकेज' (फाइल, फॉन्ट, फोटो एका फोल्डरमध्ये) करून दे, पीडीएफही दे, आणि प्रिंटआउट काढून प्राचार्यांची सही घे. सही झाल्यावर कुणीही "एवढी एकच ओळ बदल" म्हणालं तरी नाही म्हणायचं.

मजकूर किती जणांकडून कुठल्या फॉन्टमध्ये आलाय ते इथे लिही, कन्व्हर्टरचं त्यावरून सांगते.