बॉल पायथनची पहिली जोडी निवडताना

बॉल पायथन या पाळीव अजगराच्या पैदाशीचा आरंभ पेस्टल या रंगप्रकारापासून करण्याचा आपला विचार योग्य आहे, कारण त्याचे जनुक आईबापांपैकी एकाकडून आले तरी पिल्लाच्या रंगात दिसते. पाइड किंवा क्लाउन या रंगप्रकारांचे जनुक मात्र दोघांकडूनही यावे लागते. दोन वाहकांच्या (जनुकाची एकच प्रत असल्याने ज्यांच्यात तो रंग दिसत नाही अशा सापांच्या) सहा अंड्यांतून एकही पाइड न निघणे मुळीच नवलाचे नाही, आणि नवखे इथेच हिरमुसतात. दोन-तीन रंगजनुके एकत्र आणणाऱ्या संकरांचा हिशेब तूर्त बाजूला ठेवावा.

स्पायडर हा रंगप्रकार कितीही देखणा वाटला तरी घेऊ नये: त्या जनुकाबरोबरच डोके डगमगण्याचा, प्रसंगी भक्ष्यावरचा नेम चुकवणारा दोष येतो आणि निवडक पैदाशीने तो वेगळा काढता आलेला नाही. विक्रेते याला ‘किरकोळ’ म्हणतात! मादी साधारण १,५०० ग्रॅमची होईपर्यंत जोडी लावू नये. भारतात असाल, तर साप बाळगण्याची आणि पिल्लांच्या जन्माचीही नोंदणी कायद्याने आवश्यक आहे.