डब्यानं काय फरक पडला?

पत्र : मावशी, मी ऐरोलीला राहते, वय ५४. दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले. त्यानंतर शेजारणीच्या सोबतीनं दर गुरुवारी पनवेल गाडीनं खारघरला जाऊ लागले. टाटाच्या कॅन्सर केंद्रात उपचारासाठी गावोगावहून आलेली माणसं आसपास भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यांना डबे देते. त्यांत परभणीकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला काही जायचं नाही, पण त्याची आई माझी ज्वारीची भाकरी खायची. त्याच्यासाठी मी दत्ताला नवस बोलले, अकरा गुरुवार केले. श्रावणात तो गेला. तेव्हापासून देवापुढे हात जोडवत नाहीत. माझा मुलगा म्हणतो, ‘आई, तुझ्या डब्यानं काय फरक पडला?’ मला उत्तर सुचलं नाही. जाणं थांबवू का?

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या भाकरीपाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय.

किमो चालू असलं की पोराच्या तोंडात फोड येतात, पाणीसुद्धा झोंबतं. आई दर दोन तासांनी मऊ भात, पेज करून बघते आणि ते तसंच परत येतं. पोरानं टाकलेलं ताट समोर असताना तिच्या घशाखाली घास कसा उतरावा? ती बाई तुमची भाकरी खात होती. मराठवाड्यातली बाई, परक्या शहरात, आपल्याकडच्यासारखी भाकरी. आठवड्यातून एकदा ती पोटभर जेवली आणि मग रात्रभर लेकराच्या उशाशी बसू शकली. फरक पडला तो इथे.

माझे वडील परळला उपचार घेत होते तेव्हा आम्ही दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको रोज पहाटे न विचारता मला चहा आणून द्यायची. वडील वाचले नाहीत. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. पण पितळी पेला पदराच्या टोकात धरून ती कशी यायची, ते मला आजही दिसतं.

नवसाचं म्हणाल, तर तुम्ही देवाशी भांडा. संतांनीसुद्धा विठ्ठलाला बोल लावलेत, घरच्या माणसाला लावावेत तसे. हात जोडवत नसतील तर नका जोडू. निरांजन तेवढं लावा, कारण संध्याकाळी अंधार सोसणं तुम्हाला आणखी जड जाईल. मात्र यापुढे कुठल्याही लेकरासाठी नवस बोलू नका, हे मी आग्रहानं सांगते. त्याचं जगणं-मरणं तुमच्या गुरुवारांवर टांगलं की ते गेल्यावर दोष तुम्ही स्वतःकडे घेता. तुम्ही तेच करताय.

महिनाभर जाऊ नका. तुमचे मिस्टर जाऊन दोनच वर्षं झालीत आणि त्यावर हे दुसरं दुःख. नंतर जावंसं वाटलं तर जा, पण जाण्याआधी तिथल्या समाजसेवा विभागात विचारून घ्या. पांढऱ्या पेशी कमी झालेल्यांना कच्ची कोशिंबीर किंवा शिळं चालत नाही, ताजं शिजवलेलंच लागतं. सोबत आलेल्या नातेवाइकांना मात्र तुमचा डबा बिनधास्त द्या. त्यांची आठवण फारशी कुणाला होत नाही.

मुलावर रागावू नका. वडील गेल्यावर त्यानं तुम्हाला रडताना पाहिलं आणि आता पुन्हा पाहतोय. तो प्रश्न मला भीतीतून आलेला वाटतो. एका गुरुवारी डब्यांची पिशवी त्याच्या हातात द्या, त्याला बरोबर न्या. तो तब्येतीनं धडधाकट असेल तर प्लेटलेट देता येतील का, हे रक्तपेढीत विचारायला सांगा. दान केलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून देणारे सतत लागतात. दीडेक तास त्या खुर्चीत बसला की त्याला काय वाटतं, ते त्याचं त्याला कळू दे. तुम्ही समजावायला जाऊ नका.

आणि परभणीच्या त्या बाईचा नंबर तुमच्याकडे असेल तर आजच फोन लावा. काय बोलावं ते सुचणार नाही. तिला एवढंच विचारा, ‘जेवलीस का गं?’

— मावशी