हे काम माझं नव्हे, हे बॉसला सांगताना

अनेक आशीर्वाद.

काम जमतंय पण मन लागत नाही, आणि हे बॉसला सांगावं की नाही, असं तू विचारलं आहेस. सांगायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. मनात कुढत राहिलं की ते कामात उतरतं. उत्तरं उशिरा जातात, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, बारीकसारीक चुका वाढतात. मग बोलणं बॉस काढतो, आणि ते तुझ्या घसरलेल्या कामापासून सुरू होतं. त्या वेळी ‘मला दुसरं काम हवं’ म्हटलं तर ती सबब वाटते. म्हणून काम चांगलं चाललंय तोवरच बोल.

पण उद्याच नको. आधी दोन-तीन आठवडे रोज निघताना पाच मिनिटं काढून वहीत लिहून ठेव: आज कोणत्या कामात अंदाजे किती तास गेले, कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि कोणतं काम पुढे ढकलत राहावंसं वाटलं. नेमकं काय खटकतंय ते त्यातून दिसेल. अख्खं काम नकोसं आहे, त्यातला एक भाग नकोसा आहे, कामाचा भार झेपत नाही, की बॉसशीच जमत नाही? प्रत्येकाचा उपाय वेगळा. थकव्यातून आलेली नावड आठवडाभराच्या रजेनंतर बरीचशी ओसरते; न पटणारं काम रजेवरून परतल्यावर पहिल्याच दिवशी तितकंच टोचतं. आणि एखादं कौशल्य कमी पडतंय म्हणून काम नकोसं वाटत असेल, तर ते शिकता येतं. त्यासाठी नोकरी चुकीची ठरवू नकोस.

सोबत नेमणूकपत्रही काढून वाच. नोटीस पीरियड किती, बाँड म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट आहे का, बोनस मिळायला कोणत्या तारखेपर्यंत नोकरीत असावं लागतं, अंतर्गत बदली मागण्याआधी एका जागी किती काळ काढावा लागतो. निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर उत्तम. असं बोलल्याने सहसा कुणाची नोकरी जात नाही, पण हाताशी पैसे असले की आवाजात अजिजी येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘मी इथे खूश नाही’ एवढंच सांगितलंस, तर त्याचं काय करायचं हे बॉसला कळत नाही. तो सहानुभूती दाखवेल, आणि सोमवारपासून सगळं तसंच. त्याच्या डोक्यात त्या क्षणी वेगळंच चक्र सुरू झालेलं असतं: जागा रिकामी झाली तर नवा माणूस मिळेल का, चालू कामाची तारीख कशी सांभाळायची, वर काय सांगायचं. त्यामुळे मागणी अशी कर की त्याला तिच्यावर हो किंवा नाही म्हणता येईल. दोन पर्याय घेऊन जा, जास्त नकोत. उदाहरणार्थ, आठवड्यातला एक दिवस तुला हव्या असलेल्या कामासाठी, तीन महिने करून पाहू. किंवा दुसऱ्या विभागात बदली, आणि तोवर तुझं काम शिकवून कुणाला तरी तयार करायची जबाबदारी तुझी. दुसऱ्या पर्यायातला तो उत्तरार्ध विसरू नकोस. बॉसची निम्मी काळजी तिथेच मिटते.

वेळ मागताना ‘तुमच्याशी बोलायचंय’ एवढंच लिहू नकोस, त्याने माणूस राजीनाम्याच्या तयारीत बसतो. ‘माझ्या कामाच्या पुढच्या दिशेबद्दल बोलायचं आहे, या आठवड्यात अर्धा तास मिळेल का?’ असं लिही. महिनाअखेर, मोठ्या कामाचा शेवटचा आठवडा आणि अप्रेझलची मीटिंग टाळ. अप्रेझलमध्ये हेच बोलणं पगारवाढीसाठीचा दबाव वाटतं.

सुरुवात अशी करता येईल: ‘इथे मला बरंच शिकायला मिळालं. पण माझा बराचसा वेळ रिपोर्ट बनवण्यात जातो, आणि माझं काम ग्राहकांशी बोलताना जास्त चांगलं होतं, असं मला दिसतंय. यावर दोन मार्ग सुचतात.’ ‘रिपोर्ट’ आणि ‘ग्राहक’च्या जागी तुझ्या वहीतलं घाल. एवढं बोलून थांब. समोरची शांतता भरून काढायला माणूस नको ते बोलतो, सहकाऱ्यांची गाऱ्हाणी सांगतो किंवा स्वतःचीच मागणी मागे घेतो.

उत्तर बहुतेक ‘थोडं थांब, बघू’ असंच येईल. ते खोटं असतंच असं नाही, पण त्याला तारीख हवी. ‘मग सहा आठवड्यांनी पुन्हा बसू या का?’ असं तिथेच विचार. पगार वाढवून देतो म्हणाला, तर लगेच हो म्हणू नकोस. न आवडणारं काम जास्त पैशात काही महिने सुसह्य होतं, आणि नंतर सोडणं आणखी अवघड होऊन बसतं. चिडला, तर वाद न घालता ‘तुम्ही विचार करा, आपण पुढच्या आठवड्यात बोलू’ म्हणून ऊठ. त्याच दिवशी चार-पाच ओळींचा मेल पाठव: काय ठरलं, कुणी काय करायचं, पुन्हा कधी भेटायचं. हा मेल लोक संकोचाने टाळतात, आणि महिन्याभराने दोघांनाही वेगवेगळं आठवत असतं.

काही वेळा मात्र गप्प राहणंच शहाणपणाचं. कपातीची चर्चा चालू असेल, प्रोबेशन संपायचं असेल, किंवा आधी असं बोललेल्या माणसाचा त्याच बॉसने सूड घेतलेला तू पाहिला असेल, तर आधी बाहेर शोध आणि ऑफर लेटर हातात आल्यावरच तोंड उघड. पण ती ऑफर दाखवून इथे सौदा करायला जाऊ नकोस. राहायचं ठरलं तरी पुढे तुझ्याकडे ‘कधीतरी सोडून जाणारा माणूस’ म्हणूनच पाहिलं जाईल.

ठरलेली तारीख उलटली आणि काहीच हललं नाही, तर एकदा आठवण कर. तरीही टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समज आणि दुसरीकडे अर्ज करायला लाग. तोवर ऑफिसात कुणाजवळही हा विषय काढू नकोस. बॉसला ही गोष्ट तुझ्याकडूनच कळली पाहिजे.

वही झाली की तुझे दोन पर्याय लिहून पाठव. त्यांतला कोणता आधी मांडायचा, ते आपण ठरवू.